घाट बंद, रस्ता बंद: गगनबावडा तालुक्यातल्या एका वसतिगृहाची सुक्या भाज्यांची बेगमी

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा रस्ता पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी अडतो. अलीकडे मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर येते आणि पलीकडे वैभववाडीकडे उतरणाऱ्या करूळ आणि भुईबावडा घाटांत दरडी कोसळतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर कोल्हापूर शहरच पाण्याने वेढले होते, तिथून भाजीचा टेम्पो वर येणार कुठून? या तालुक्यातल्या एका छोट्या वसतिगृहात वाड्यावस्त्यांवरची छत्तीस मुले राहतात. कर्मचारी धरून रोज चाळीस ताटे होतात. त्या आठवड्यात मुलांनी आमटी, भात आणि बटाट्यावर दिवस काढले, तेही बटाटे होते तोवर. पुढे संस्थेने ठरवले की पावसाळ्यापूर्वी सुक्या भाज्या भरून ठेवायच्या.

निर्णय योग्यच होता. तरीही पहिल्या वर्षी आणलेला बहुतेक माल ऑगस्टअखेर उकिरड्यावर गेला. मी अन्नप्रक्रियेचे प्रशिक्षण देते. तिथल्या व्यवस्थापक सरांनी मला बोलावले ते हे पाहायला. मी आधी बिघडलेला माल पाहिला, मग पुढच्या वर्षाची खरेदी आणि साठवण त्यांच्याबरोबर बसून आखली. अशी बेगमी आता सह्याद्रीतल्या अनेक शाळा, वसतिगृहे आणि दुर्गम गावांतली कुटुंबे करू लागली आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी काय आणले, काय झाले

एका घाऊक व्यापाऱ्याकडून वीस किलो कांद्याचे काप, दहा किलो कोबी, दहा किलो गाजर आणि पाच किलो मेथी आली. गवार आणि वांग्याच्या चकत्या मिळून पंधरा किलो, त्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका बचत गटाने उन्हात वाळवलेल्या. सगळे विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांत, आत पातळ पिशवी, तोंडाला सुतळी. पोती स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत, बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला टेकून फरशीवर ठेवली होती.

मी गेले तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी एकेक पोते माझ्यापुढे उघडले. "ताई, जूनमध्ये कसं खुळखुळत होतं बघा, आता ढेकूळ झालंय नुसतं," त्या कांद्याच्या पोत्यात हात घालून म्हणाल्या. कांदा तपकिरी आणि चिकट झाला होता, वासाला करपट-गोडसर. कोबीवर हिरवट-पांढरी बुरशी होती. गाजर मात्र कोरडेच होते, पण केशरी रंग उडून फिकट पिवळे पडले होते आणि त्याला विचित्र, अत्तरासारखा वास येत होता. मेथीला वाळल्या गवताचा वास. गवारीत भुंगेरे आणि बारीक पिठूळ भुकटी.

सरांचा समज होता की व्यापाऱ्याने जुना माल गळ्यात मारला. तसे काही प्रमाणात असेलही. पण पोती नीट पाहिली की कळते, हे एक दुखणे नव्हते, तीन वेगवेगळी होती. ती वेगळी ओळखली नाहीत तर पुढच्या वर्षी उपाय चुकीच्या जागी होतो.

कांदा आणि कोबी दमटपणाने गेले. कारखान्यात वाळवलेल्या भाजीत साधारण चार ते आठ टक्के पाणी उरते. कांद्यात साखर भरपूर, त्यामुळे तो हवेतली ओल झपाट्याने ओढतो. ओल वाढली, जोडीला ऊब मिळाली की त्यातली साखर आणि प्रथिने एकमेकांशी क्रिया करून तपकिरी होतात. कोबी त्याच्याही पुढे जाऊन बुरशीच्या पातळीला पोचला होता.

गाजर आणि मेथी हवेने आणि उजेडाने गेली. गाजराचा केशरी रंग म्हणजे कॅरोटीन. ते प्राणवायूच्या सान्निध्यात तुटते, आणि तुटताना तयार होणाऱ्या एका घटकाचा तो अत्तरी वास. म्हणजे गाजर कितीही कोरडे ठेवले तरी पातळ पिशवीत ते असेच होणार. मेथीचा गवती वास बहुधा वाळवण्यापूर्वी उकळत्या पाण्याचा चटका न दिल्याचा. चटक्याने भाजीतली विकरे (एन्झाइम) निकामी होतात. ती शाबूत राहिली तर कोरड्या पानातही हळूहळू काम करत राहतात. कांदा-लसणाला मात्र हा चटका देत नाहीत, कारण त्यांचा तिखट वासच त्या विकरांमुळे तयार होतो.

गवारीतली कीड बाहेरून आलीच असेल असे नाही. उघड्यावर उन्हात वाळवलेल्या भाजीत अंडी आधीच असू शकतात. पिशवी घट्ट बांधली की ती आत सुखाने फुटतात.

एका गोष्टीवर मावशींशी माझा थोडा वाद झाला. कोबीची बुरशी झटकून, तव्यावर गरम करून तो वापरावा असे त्यांना वाटत होते, पैसे घालून आणलेले अन्न टाकताना त्यांचा जीव तुटत होता. तो तुटावाच. पण काही बुरश्या जे विष सोडतात ते उन्हाने जात नाही आणि शिजवूनही जात नाही. मुलांच्या ताटात असा माल जाता कामा नये. एका कोपऱ्यात बुरशी दिसली तरी आम्ही पूर्ण पोते टाकले. नुसता नरम पडलेला, बुरशी न आलेला माल वेगळा, तो मंद आचेवर पुन्हा कुरकुरीत करून लगेच संपवता येतो.

खरा दोष पोते उघडण्याचा

कोठी, भिंत, सुतळी हे सगळे चुकलेच होते. पण मला सर्वात मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. कांद्याचे पोते दिवसातून दोनदा उघडत होते. गगनबावड्यात जुलैमध्ये हवेची आर्द्रता दिवसेंदिवस नव्वदीच्या खाली उतरत नाही, आणि शेजारी चाळीस जणांच्या भाताची वाफ. प्रत्येक वेळी पोते उघडून वाडगे बुडवले की वर उरलेल्या सगळ्या मालावर दमट हवा भरायची. तळाच्या मालाची पाळी येईपर्यंत त्याने दीडशे वेळा तरी ती हवा खाल्लेली असणार. उत्तम माल, उत्तम डबा असता तरी हे टळले नसते. म्हणून आमच्या पुढच्या सगळ्या आखणीचा पाया एकच ठरला: एका वेळच्या भाजीचे एक पाकीट. फोडले की संपले.

हे ठरवले की एक वेळ म्हणजे किती, हा हिशेब करावाच लागतो. तो पहिल्या वर्षी कोणी केलाच नव्हता. एका ताटाला शंभर ग्रॅम ताजी भाजी धरली तर चाळीस ताटांना चार किलो. एक किलो सुका कोबी करायला साधारण अठरा किलो ताजा कोबी लागतो. म्हणजे आणलेला दहा किलो सुका कोबी हा १८० किलो ताजा, पंचेचाळीस वेळची नुसती कोबीची भाजी! गाजराची पट दहाच्या आसपास, म्हणजे पंचवीस वेळा. गवार-वांगे सगळे गवारीच्या सातपटीने धरले तरी सव्वीस वेळा. पोते डोळ्यांना लहान दिसते, त्यात केवढी भाजी आहे याचा अंदाज येत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा सुकी भाजी, म्हणजे गरज होती पंचेचाळीस वेळांची. कोठीत शहाण्णव वेळांची होती. जास्त आणले, जास्त दिवस ठेवले, जास्त वेळा उघडले.

दुसऱ्या वर्षीची यादी अशी झाली: गवार पंधरा वेळा, गाजर बारा, वांगी दहा, मेथी आठ. गवार साडेआठ किलो, गाजर पाच किलोला थोडे कमी, वांगी साडेतीन किलोच्या वर आणि मेथी सव्वा किलोच्या आत, कारण मेथी पिठल्यात आणि थालीपिठात घालायची होती, नुसती भाजी करायची नव्हती. कांद्याचे काप दहा किलो. कोबी यादीतून काढला. तो भिजवल्यावर येणारा वास मुलांना अजिबात आवडत नाही, आणि वाळल्यावर त्यात राहण्यासारखे फार उरतही नाही. सुके बटाटे घ्यावेत का, असे सरांनी विचारले. मी नको म्हटले. बटाटा हवेशीर अंधारात महिना-दीड महिना टिकतो आणि अख्खा लाल भोपळा देठासकट दोन-तीन महिने राहतो. जे ओलेच टिकते ते सुके विकत घेऊ नये. कांद्याची गोष्ट निराळी आहे, घाटावरच्या या दमट हवेत ओला कांदा सडतो नाहीतर त्याला कोंब फुटतात.

खरेदी

खरेदी एप्रिलमध्ये केली. वाळवणीचा पांढरा कांदा उन्हाळ्याच्या सुमारास बाजारात येतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला कांदा वाळवण्याचे मोठे काम चालते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नवा माल मिळण्याची शक्यता चांगली. व्यापाऱ्याला विचारायचे ते पाकीट भरल्याची तारीख नव्हे, माल वाळवल्याचा महिना. गेल्या वर्षीचा माल यंदा पाकिटात भरला तरी पाकिटावर यंदाचीच तारीख येते. चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक आहे का, हेही पाहिले. लेबलावर परिरक्षक म्हणून २२०, २२३ किंवा २२४ असे आकडे असतील तर त्यात सल्फाइट आहे. त्याने रंग चांगला राहतो, पण दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. वसतिगृहात दम्याचा एक मुलगा आहे, म्हणून आम्ही सल्फाइट नसलेला माल निवडला आणि रंग थोडा कमी असेल हे मान्य केले.

एकदम पोते घेतले नाही. दोन व्यापाऱ्यांकडून प्रत्येकी अर्धा किलो नमुना मागवला. पिशवी हलवून आवाज ऐकला, तळाचा चुरा पाहिला. खूप चुरा म्हणजे माल जुना किंवा वाहतुकीत रगडलेला. मग वीस ग्रॅम गाजर भरपूर पाण्यात पंधरा मिनिटे उकळून, निथळून पुन्हा वजन केले. एका नमुन्याचे वजन पाचपटीहून थोडे जास्त भरले, दुसरा साडेतीनपटीवरच थांबला आणि चावायला चिवट लागला. दोन्हींचा सुका भाव जवळपास सारखा होता. दुसरा माल जास्त तापवून वाळवलेला किंवा जुना असावा. ही चाचणी कोणीही घरच्या वजनकाट्यावर करू शकते. माझा आग्रह आहे की घाऊक खरेदीआधी ती करावीच.

भाव लावायची पद्धतही सरांना सांगितली. एक किलो सुक्या मालाला किती किलो ताजी भाजी लागते, त्या पटीने सुक्या मालाचा किलोचा भाव भागायचा. समजा गाजर ४०० रुपये किलो आणि पट दहा, तर ताज्याचा भाव ४० रुपये पडला. मग पाऊस, वाहतूक आणि सडीचे नुकसान धरून बाजारातल्या ताज्या गाजराशी तुलना करायची.

ओलावा मोजायला एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणला, कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवतात तसा. काचेची बरणी दोन-तृतीयांश सुक्या भाजीने भरायची, मापक आत ठेवायचा, झाकण घट्ट लावायचे आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाचायचा. बरणीतली हवा भाजीतल्या ओलाव्याशी तोल साधते. आकडा चाळीसच्या खाली असेल तर माल निश्चिंत भरावा. साठच्या वर गेला तर बुरशीला वाट मोकळी. मापक बरोबर आहे का, हे आधी तपासता येते: झाकणभर मीठ पाण्याने चिखलासारखे ओले करून त्याच्याबरोबर बंद बरणीत ठेवला तर तो ७५ च्या आसपास दाखवायला हवा. आमचा ७१ दाखवत होता, म्हणून मापक दाखवेल त्या आकड्यात चार मिळवायचे असे ठरले. निवडलेल्या गाजराचा आकडा दुरुस्तीसह ३२ आला, कांद्याचा ३५. बचत गटाची गवार ५२ वर होती. ती परत त्यांच्या सौर ड्रायरमध्ये घातली, ६० अंशांच्या वर दोन तास. त्याने ओल उतरली आणि किडीची अंडीही मेली.

भरणे आणि ठेवणे

पाकिटे भरायला मेमधली कडक उन्हाची दुपार निवडली. वळवाच्या पावसानंतरचा दिवस मुद्दाम टाळला. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड पिशव्या आणि हाताने दाबायचे सीलर वापरले. गाजर आणि मेथीच्या पाकिटांत प्राणवायू शोषणाऱ्या लोहभुकटीच्या पुड्या टाकल्या. पुडीचे मोठे पाकीट एकदा फोडले की ती हवेतच काम सुरू करते, त्यामुळे सगळी पाकिटे आधी भरून ओळीत उभी केली आणि पुड्या शेवटी भराभर टाकून पाकिटे सील केली. नीट न वाळलेल्या मालात या पुड्या कधीही टाकू नयेत. ओलावा आणि प्राणवायूचा अभाव एकत्र आले तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढण्याचा धोका असतो. मापकाचा आकडा पाहिल्याशिवाय एकही पुडी टाकायची नाही, हा नियम मी लिहून भिंतीवर लावायला सांगितला.

प्रत्येक पाकिटावर भाजीचे नाव, महिना, वजन आणि किती पाण्यात भिजवायचे ते लिहिले. कांद्याची पाकिटे एका दिवसाची, २२० ग्रॅमची. पाकिटे तेलाच्या स्वच्छ केलेल्या पत्र्याच्या डब्यांत घातली. हे उंदरांसाठी, ॲल्युमिनियमची पिशवी ते सहज कुरतडतात. डबे स्वयंपाकघराजवळून हलवून मधल्या खोलीत लाकडी मांडणीवर ठेवले, भिंतीपासून वीतभर सोडून. कोणीतरी माळा सुचवला होता. पण वर पत्रा, मेच्या उन्हात तो किती तापतो हे तिथे चढून पाहिले की कळते. साठवणीचे तापमान दहा अंशांनी वाढले तर भाजीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

पावसाळ्यात काय दिसले

तुलनेसाठी गाजराची दोन पाकिटे मुद्दाम साध्या प्लास्टिक पिशवीत भरून त्याच डब्यात ठेवली होती. सप्टेंबरमध्ये दोन्ही प्रकार बरणीत घालून मोजले. ॲल्युमिनियमच्या पाकिटातले गाजर ३६, साध्या पिशवीतले ५८ आणि रंगाने स्पष्ट फिके. चार महिन्यांत एवढा फरक पाहून महागड्या पिशव्यांबद्दलची सरांची तक्रार मिटली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मेथीची काही पाकिटे नरम निघाली. पानांचा चुरा सीलच्या रेषेत अडकला होता, तिथून हवा गेली. पुढे मावशींनी पाकिटाचे तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसून दोनदा सील करायची पद्धत बसवली. वांग्याच्या भाजीचा पहिला बेत फसला, रस्सा काळा झाला आणि मुलांनी ताटात टाकला. मग चकत्या कढत पाण्यात वीस मिनिटे भिजवून ते पाणी फेकायला सुरुवात केली. गवार आणि गाजराचे पाणी मात्र फेकत नाहीत, ते आमटीत जाते. गवार शेंगदाण्याचे कूट आणि कांदा-लसूण मसाला घालून केली तर मुले मागून घेतात. विदर्भात खुलांची, म्हणजे वाळवलेल्या भाज्यांची, भाजी करतात तशी कोरडी, कमी पाण्याची केली की सुक्या भाजीचा चिवटपणा उलट चवीला येतो, असे माझे मत आहे.

जुलैत घाट आणि खालचा रस्ता एकाच वेळी बंद झाले तेव्हा रोजच पाकिटे फुटली. भाजी पुरली. पण सरांना मी आधीच सांगितले होते की पुरणे म्हणजे पोषण पूर्ण होणे नव्हे. सुक्या भाजीत तंतू, खनिजे आणि गाजर नीट ठेवले असेल तर कॅरोटीन राहते. क जीवनसत्त्व वाळवताना आणि साठवताना जवळपास निघून जाते. अठराव्या शतकात हंगेरीत ऑस्ट्रियन सैन्याचा वैद्य क्रामर स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, मरणारे सैनिक पाहत होता. व्हिएन्नाहून त्याला वाळवलेल्या वनस्पती पाठवल्या गेल्या आणि त्यांचा काही उपयोग झाला नाही. ताज्या हव्या होत्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात, जिथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, हिंदी सैनिकांना स्कर्व्हीने ग्रासले. चार-आठ दिवस रस्ता बंद राहिल्याने असे काही होणार नाही, पण पंधरा आठवड्यांच्या आखणीत ही उणीव सोडून देणे मला पटत नाही.

तिथे उपाय दाराशीच होता. मोड आलेल्या मटकीत क जीवनसत्त्व नव्याने तयार होते आणि मटकीला कुठला रस्ता लागत नाही. आणि ज्या पावसात रस्ता बंद होतो त्याच पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी वसतिगृहाच्या मागच्या उतारावर उगवतात. मावशींना त्या सगळ्या ओळखता येतात. फक्त चाळीस जणांच्या स्वयंपाकात निवडायला वेळ लागतो म्हणून त्या करत नव्हत्या. आता सुक्या भाजीच्या दिवशी मोड आलेले कडधान्य आणि रविवारी मुलांनी निवडलेली रानभाजी असे ठरले आहे. मुले रानभाजी ओळखायला मावशींच्या मागे जातात, याचा मला फार आनंद आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधी सहा पाकिटे उरली होती, ती सुट्टीपूर्वीच संपवली. पुढच्या एप्रिलच्या यादीत गवार अठरा वेळांची आणि वांगी सात. मेथी आठच, पण पाने न चुरडलेली. कांदा एकाच वेळी न घेता निम्मा एप्रिलमध्ये आणि निम्मा मेअखेर घ्यायचा, म्हणजे पहिला माल वाईट निघाला तर बदलायला वेळ राहील. बचत गटाला स्वतःचा आर्द्रतामापक घ्यायला सांगितले आहे, चाळीसच्या वरची गवार वसतिगृह घेणार नाही.